अतांगाला विचारा

१४ नोव्हेंबर १९७८

अंगठा घेतला नाही. घेणारही नाही!

काल दुपारच्या पाळीत हिराबोडीच्या खाणीत दगड कोसळला. खाली सापडला तो अतांगा. मँगनीजचं काम शिकायला आफ्रिकेतून, घाना देशातून, पाच जण आलेत ना, त्यातला. डाव्या पायाचा गुडघ्याखाली चुरा झालाय. आमच्या दहा खाटांच्या दवाखान्यात आणला तेव्हा शुद्धीवर होता. ओरडला नाही. छताकडे बघत पडला होता.

आज सकाळी मॅनेजरसाहेब आले. सोबत मिस्टर आडू — त्या पाचांतलाच एक, त्यांचा सुपरवायझर, इंग्रजी फाडफाड बोलतो. पाय कापावा लागेल, हेडाऊ डॉक्टरांनी त्याला इंग्रजीत सांगितलं. आडू अतांगाला दोन शब्द बोलला. मग अतांगा बोलायला लागला — बोलतच राहिला! हात हलवत, दाराकडे दाखवत, एकदा तर उठायला बघत होता. आडू म्हणाला, "तो तयार आहे."

एवढ्या बोलण्याचा अर्थ एवढाच?

पाय कापायचा म्हटल्यावर माणूस एकदा तरी पायाकडे बघेल. याने बघितलंच नाही. म्हणजे याला कोणी सांगितलंच नाही!

डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, अंगठा घ्या." शाईचं पॅड घेऊन खाटेजवळ गेले. त्याने कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मूठ घट्ट आवळली. मी पॅड बंद केलं.

"याला कळलेलं नाही, साहेब. कळेल तेव्हा घेईन."

मॅनेजरसाहेब लाल झाले. "सिस्टर, आपको सुई लगाने के लिए रखा है, वकालत करने के लिए नहीं."

सुईसुद्धा मी सांगून लावते! हे मनात म्हटलं. तोंडाने म्हणायला हवं होतं.

१५ नोव्हेंबर

सकाळी दवाखान्याच्या पायरीवर शकुबाई बसलेली. नत्थूची बायको. नत्थू तीच पाळी करतो. पोलिसांनी त्याला काल नेलं. कंपनीने लिहून दिलंय की भोंग्याच्या आधी नत्थूने परदेशी माणसाला आत ढकललं. सुरुंगाचा बार उडाला की दुसरा भोंगा वाजेपर्यंत आत पाय टाकायचा नाही, हे आमच्या कॉलनीतल्या लेकरांनाही ठाऊक आहे. वीस वर्षं खाणीत काढलेला नत्थू असं करेल?

"सिस्टर, माह्या मालकानं त्याले ढकललं नाई वो! त्यानं त ओढून भाईर काढलं. त्याच्या हाताची सालं निंगाली, पाहून या ठाण्यात जाऊन. त्या माणसालेच इचारा ना!"

"कोणत्या भाषेत विचारू, शकुबाई?"

"मले काय मालूम! तुमी शिकलेल्या हा."

तिचंही खरंच.

दुपारी आडूला व्हरांड्यात गाठलं. माझं इंग्रजी नर्सिंग स्कूलचं, पण विचारलं सरळच — "तुम्हाला अतांगाची भाषा येते?" बुटांकडे बघत तो म्हणाला, येत नाही. मी समुद्राकाठचा, बाकी तिघंही तिकडचेच, तो एकटा पार उत्तरेकडचा. खाणीत आम्ही हातवाऱ्यांनी भागवतो. चार शब्द त्याला माझे येतात, चार मला त्याचे.

"मग तो तयार आहे म्हणून कसं सांगितलं?"

"मॅडम, हा करार मोडला तर आम्हा पाचही जणांची नोकरी जाईल."

त्याला तिथेच सोडलं. सरळ डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर वाईट माणूस नाही, घाबरट आहे. "तू कायले मधात पडून राहिली, सत्यवती?" म्हणाले. पण जखम परत एकदा नीट बघितली. पेनिसिलिन वाढवलं. म्हणाले, "एक हप्ता. दुभाषी आण. त्याच्या आत वास आला तर मी तुझं ऐकणार नाही."

एक हप्ता तर एक हप्ता!

१६ नोव्हेंबर

तुमसरच्या पोस्टातून दिल्लीला ट्रंककॉल. घानाच्या वकिलातीत. लागेपर्यंत दुपार गेली. तिकडून बाई गोड आवाजात म्हणाल्या, लेखी अर्ज करा, कोणत्या भाषेचा दुभाषी हवा ते स्पष्ट लिहा.

"कोणती भाषा तेच तर माहीत नाही!"

"मग आम्ही कसा पाठवणार?"

फोन आपोआप कटला. बरं झालं, नाहीतर मीच काही बोलले असते.

१७ नोव्हेंबर

नागपूरला गेले. विद्यापीठाच्या वसतिगृहात आफ्रिकेची मुलं राहतात, ऐकलं होतं. एक भेटला — जोसेफ, केनियाचा, कॉमर्स शिकतो. सगळं ऐकून घेतलं आणि पुस्तक मिटून माझ्यासोबत एसटीत बसला! रस्ताभर लोक त्याच्याकडे बघत होते, तो खिडकीबाहेर धान बघत होता. म्हणाला, नैरोबीहून मुंबई जेवढी दूर, जवळपास तेवढाच अतांगाचा देश दूर. तुमचा काश्मीरचा माणूस तमीळ बोलेल का?

मग आलास कशाला? असं विचारलंच मी. म्हणाला, "कोणी बोलवायलाच येत नाही, म्हणून."

खाटेजवळ बसून तो स्वाहिलीत बोलला. अतांगा नुसता बघत राहिला. इंग्रजी — नाही. जोसेफ थकला. उठता उठता त्याला काय सुचलं कोण जाणे. त्याचा जुना खोलीसोबती नायजेरियाचा होता, सकाळी उठला की नमस्कारासारखा एक शब्द म्हणायचा. तो शब्द जोसेफने म्हटला — "सान्नू."

अतांगा ताडकन उठून बसला! पायाची पट्टी, सलाईन, कशाचं भान नाही. "सान्नू! सान्नू!" आणि मग धो धो बोलत सुटला. जोसेफला त्यापुढचं काही येत नव्हतं. दोघांचे चेहरे बघवत नव्हते.

पण जोसेफकडून त्या शब्दाच्या भाषेचं नाव मिळालं. हौसा. तिकडे बाजारात सगळ्या जातीजमातीचे लोक ती बोलतात म्हणे, आपल्याकडे हिंदी चालते तशी. अतांगाची घरची भाषा वेगळीच असेल, पण हौसा त्याला येते.

आता हौसावाला आणायचा कुठून — भंडारा जिल्ह्यात!

१८ नोव्हेंबर

कंपनीलाच दुभाषी सापडला. असा कसा सापडला!

सफारी सूट, डोळ्याला काळा चष्मा, नागपूरहून मोटारीत आला. "ऑल आफ्रिकन लँग्वेजेस" म्हणाला. डर्बनला होता म्हणे. मॅनेजरसाहेब आणि ठाण्याचे जमादार दोघंही हजर. तो अतांगाच्या कानाशी काहीबाही पुटपुटला. अतांगाने भुवया आवळल्या, दोन शब्द बोलला. आणि सफारी सूटवाला जमादाराला सांगायला लागला — "हा म्हणतो, नत्थू नावाच्या माणसाने मला मागून ढकललं."

नत्थू हे नाव अतांगाच्या तोंडून निघालंच नव्हतं! मी उभी होते ना तिथे!

"साहेब," मी म्हटलं, "याला जरा डावा हात वर करायला सांगा. मला सुई द्यायची आहे."

तो काहीतरी बोलला. अतांगा बघत राहिला. तेव्हा त्याने हळूच स्वतःचाच डावा हात वर केला. तो बघून अतांगानेही केला.

"असं नाही. हात खिशात ठेवून सांगा."

त्याने चष्मा सारखा केला, म्हणाला, पेशंट थक गया है. जमादार मिशीत हसले आणि पेन खिशात घातलं. मॅनेजरसाहेब जाताना मला म्हणाले, यह आपको महँगा पड़ेगा.

पडू दे.

१९ नोव्हेंबर

अतांगाच्या पायाचं, अंगठ्याजवळचं बोट काळं पडलंय. डॉक्टरांनी वाकून बघितलं. मी पट्टी बदलली.

आमचा कंपाउंडर बाबूलाल चार दिवस हे सगळं बघत होता. आज पुड्या बांधता बांधता म्हणतो, "सिस्टर, गोंदियाले माहा साळा कापडाच्या दुकानात हाय. त्याच्या शेठची माय हाय म्हातारी. सिंधी. गुस्सा आला का अशा भाषेत शिव्या देते का कोणालेच समजत नाई. आफ्रिकेत दुकान होतं म्हणे तिचं."

"चार दिवस काय झोपला होतास?"

"मले वाटलं तुमी नागपूरवरून आणान."

२० नोव्हेंबर

गोंदिया. सिंधी कॉलनीत घर सापडलं. म्हातारी ओट्यावर बसून मेथी निवडत होती. ईश्वरीबाई. पांढरी सलवार, पांढरी ओढणी, नाकात चमकी. मोठा मुलगा दारातच आडवा आला. "अम्मा बीमार रहती है, कहीं नहीं जाएगी." त्याच्या मागून सून म्हणाली, ते जुनं सगळं आम्ही बंद केलंय, पोरांना शाळेत चिडवतात.

आत येऊ देईनात तेव्हा मी ओट्याखालूनच मोठ्याने म्हटलं, "सान्नू!"

मेथी तिच्या हातातच राहिली. मग ती काही बोलली. मला एकच शब्द ऐकू आला — लाफिया, लाफिया. म्हणजे बरं आहे, हे नंतर कळलं. मग माझ्याकडे बघून हिंदीत, "किसने सिखाया? ग़लत बोलती है. आवाज़ नीचे से ऊपर जाना चाहिए."

बसवून घेतलं तिने मला. घानातच, कुमासी नावाच्या शहरात त्यांचं कापडाचं दुकान होतं. बोर्डावर नाव नवऱ्याचं, गल्ल्यावर बसायची ही. उत्तरेकडच्या बाया कापडाचे तागेच्या तागे — थान म्हणते ती — घ्यायला यायच्या आणि हौसात भाव पाडायच्या. "झगड़ा कर-कर के सीखी. पढ़ाई से नहीं." मग तिथलं सरकार बदललं, बाहेरच्या लोकांना जा म्हणाले. इथे आले, नवरा गेला. तेव्हापासून ती भाषा बोलायला माणूस नाही. एकटीच असली की कधी मटक्याशी बोलते, कधी मांजरीशी.

मी अतांगाचं सांगितलं. नत्थूचंही. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मैं दुकानदार हूँ, बेटी. मुफ़्त में काम नहीं करती."

माझा चेहरा पडला असावा. ती म्हणाली, "पैसा नहीं. काग़ज़ पर मेरा नाम लिखना पड़ेगा. ईश्वरीबाई. फलाने की बेवा नहीं, फलाने की माँ नहीं. बीस बरस मैंने सौदा किया, एक काग़ज़ पर मेरा नाम नहीं है."

मुलगा म्हणाला, अम्मा, तू उठायची नाहीस. ती उठली! छत्री घेतली, पाण्याचा तांब्या घेतला, आणि मलाच विचारते, "गाड़ी कितने बजे की है?"

२१ नोव्हेंबर

रात्र बरीच झाली, पण आजचं आजच लिहिते.

ईश्वरीबाई वॉर्डाच्या दारातूनच बोलली. अतांगाची पाठ होती तिच्याकडे. त्याने मान वळवली — समोर एक गोरी म्हातारी, छत्री घेतलेली! तो हसला. आल्यापासून पहिल्यांदा त्याचे दात दिसले. मग दोघं बोलत बसली. मी मधात पडले नाही. बोलणं थांबलं तेव्हा तिने मला सांगितलं, "पहले पूछता है, वह आदमी ज़िंदा है क्या, जिसने मुझे खींचा? उसके ऊपर भी पत्थर गिरा था."

आठवडाभर हा माणूस हेच विचारत होता! दाराकडे हात दाखवून!

शकुबाई भिंतीशी उभी होती. मी तिला सांगितलं. तिने पदर तोंडात कोंबला आणि खालीच बसली. मग उठून अतांगाजवळ गेली, म्हणाली, "जिवंत हाय, बावा. जेलात हाय." हे ईश्वरीबाईने सांगितलं तेव्हा अतांगाचं हसू गेलं.

मग पाय. डॉक्टर सांगत होते, मी हिंदी करून देत होते, ईश्वरीबाई हौसात. एका ठिकाणी ती अडली. "मेरे पास दुकान की ज़बान है, दवाखाने की नहीं. यह सड़ना कैसे बोलूँ?" विचार करून म्हणाली, "कपड़े का बोलती हूँ. थान नीचे से सड़ने लगा तो ऊपर का बचाने के लिए काटते हैं." सांगितलं. अतांगाने आता पायाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. विचारलं, कापलं तर जगेन? नाही कापलं तर? किती कापणार? गुडघा राहील? डॉक्टरांनी प्रत्येकाचं उत्तर दिलं, खरं खरं. मला डॉक्टर इतके आवडले नव्हते कधी. ईश्वरीबाईने स्वतःच्या पायावर हात ठेवून, कापड मोजतात तसं, कुठे कापणार ते दाखवलं.

तो म्हणाला — कापा. गुडघा ठेवा. पण आधी पोलीस बोलवा. माणूस झोपवला की उठतो की नाही, कोणाला माहीत.

जमादार आले. अतांगाने सगळं सांगितलं. पाळीच्या साहेबाने भोंग्याआधीच आत जा म्हणून खूण केली, त्या दिवशीचं काम मागे पडलं होतं. नत्थू दोन्ही हात पसरून खाणीच्या तोंडाशी उभा राहिला, जाऊ देईना. साहेब त्याच्यावर ओरडला. अतांगा इथे नवा, साहेब दाखवतो तिकडे गेला. दगड पडला. नत्थू आत धावला, कंबरपट्ट्याला धरून ओढत आणलं.

जमादाराने शेवटी लिहिलं, दुभाषी — कै. हरचंद यांची पत्नी. ईश्वरीबाईने पेनावर हात ठेवला. "काटो." त्यांनी खोडलं. तिचं नाव लिहिलं, खाली तिने सिंधीत सही केली. मग अतांगाने अंगठा दिला. त्यानेच पॅड मागून घेतलं.

एक गोष्ट राहिली. आडू कोपऱ्यात उभा होता. सगळे गेल्यावर माझ्याजवळ आला, म्हणाला, तो काय बोलला ते मला सांगाल? मी इंग्रजीत सांगितलं. दोघांनी त्यांच्या देशात एकाच खाणीत तीन वर्षं काम केलेलं, आणि त्याचं बोलणं याला कळायला गोंदियाची सिंधी म्हातारी आणि दिघोरी गावची मी! ऐकून म्हणाला, "एवढं सगळं बोलला तो?" आणि निघून गेला.

भित्रा.

२३ नोव्हेंबर

भंडाऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात पाय कापला. गुडघा राहिला!

२७ नोव्हेंबर

मला काढलं. टाईप केलेल्या तीन ओळी. "शिस्तभंग." चार दिवसांत खोली खाली करा.

हेडाऊ डॉक्टर मान खाली घालून म्हणाले, माझ्या हातात काही नाही. मी म्हटलं, डॉक्टर, जखम नीट बघितलीत, तेवढं पुरे. त्यांना आणखीच वाईट वाटलं. वाटू दे.

नत्थू अजून आतच आहे. जामीन राहायला कॉलनीतलं कोणी पुढे येत नाही. आलं तर कामावरून जाईल. त्यांना मी बोल लावत नाही. लावतेही थोडा!

२९ नोव्हेंबर

आई आली. दिघोरीहून दोन एसट्या बदलून, डोक्यावर चिवड्याचा डबा. मला वाटलं रागावेल, लग्नाचं काढेल, घरी चल म्हणेल. माझी पेटी बघितली, मला बघितलं.

"कायले तोंड पाडून बसली? नोकरी गेली त गेली. धान कापाले माणसं पायजेतच. पण तो कोण तुहा नत्थू, त्याले जामीन नाई म्हणे कोणी?"

"नाही."

"माह्या नावावर तराखालचा बांधीचा तुकडा हाय. चालन का?"

"आई! दादा काय म्हणेल?"

"घनश्यामले इचाराले कायले पायजे? तुकडा माह्या बापानं मले देला."

तलावाखालची ती जमीन, तिचं एकच स्वतःचं असं. दुपारी कोर्टात जाऊन तिने अंगठा केला. नत्थू बाहेर आला. त्याच्या दोन्ही तळव्यांना अजून खपल्या आहेत. आईच्या पायांशी वाकला. आई म्हणे, "उठ ना बावा, पाय दुखते का माहे?"

तिथून तो आधी घरी नाही गेला. दवाखान्यात गेला, अतांगाकडे. दोघं एकमेकांचे हात धरून बसले. दुभाषी नव्हता. लागलाही नाही.

३ डिसेंबर

भंडाऱ्यात खोली घेतली, भांड्यांच्या दुकानामागे. दिवसभर पितळ ठोकल्याचा आवाज. एका खाजगी डॉक्टरकडे सकाळचं काम मिळालं.

ईश्वरीबाई एक दिवसाआड येते. गाडीने येते, अतांगाजवळ बसते, संध्याकाळी परत. काल तिचे दोन्ही मुलगे न्यायला आले होते. "अम्मा, लोग क्या कहेंगे!" ती म्हणाली, "क्या कहेंगे, यह मैं हिंदी, सिंधी, हौसा, तीनों में सुन चुकी हूँ. जाओ, दुकान खोलो." अतांगा तिला काय म्हणतो विचारलं तर म्हणाली, "मेरी हौसा पर हँसता है. कहता है, तुम औरत होकर भी क़साई जैसी बोलती हो."

६ डिसेंबर

कोर्टात तारीख होती. हरलो.

कंपनीचा वकील उभा राहिला. "या बाईंकडे भाषांतराचं सर्टिफिकेट आहे का? शिक्षण किती? यांनी काय सांगितलं आणि साक्षीदार काय बोलला, हे तपासणार कोण?" ईश्वरीबाई पिंजऱ्यात ताठ उभी. "सर्टिफिकेट? बीस बरस कपड़ा नापा. एक औरत ने आकर नहीं कहा कि कम दिया." लोक हसले. मॅजिस्ट्रेट हसले नाहीत. म्हणाले, वकिलातीचा मान्यताप्राप्त दुभाषी आणा, तोपर्यंत हा जबाब विचारात घेता येणार नाही. पुढची तारीख जानेवारीत.

आणि पाचही जणांना कंपनी बारा तारखेला परत पाठवते आहे! प्रशिक्षण पूर्ण झालं म्हणे. माणूसच गेला तर जानेवारीत विचारणार कोणाला? हेच तर हवंय त्यांना!

बाहेर आल्यावर नत्थू म्हणाला, "जाऊ द्या सिस्टर. तुमी लय केलं." मी त्याच्यावरच ओरडले. काय जाऊ द्या? कशाला जाऊ द्या?

दिल्लीला पत्र टाकलं, रजिस्टर. भाषेचं नाव या वेळी लिहिलं.

९ डिसेंबर

कलेक्टर कचेरीत अर्ज — अतांगाला तारखेपर्यंत थांबवा. कारकून म्हणाला, साहेब दौऱ्यावर. बाकावर बसून राहिले. ईश्वरीबाई शेजारी छत्री टेकून. कचेरी बंद करायला शिपाई आला तेव्हा उठलो. उद्या रविवार. परवा परत बसणार.

११ डिसेंबर

साहेब भेटले. अर्ज वाचला. "परदेशी नागरिकांचं माझ्या अखत्यारीत नाही." कोणाच्या अखत्यारीत आहे विचारलं तर दिल्ली म्हणाले. दिल्लीचं उत्तर नाही.

संध्याकाळी अतांगाला निरोप द्यायला गेलो सगळे. शकुबाईने तीळगुळासारखं काहीतरी बांधून आणलं होतं. आडू दाराशी होता. मी त्याच्याकडे बघितलंही नाही. तो काही म्हणायला पुढे आला, मी तोंड फिरवलं.

ईश्वरीबाई अतांगाला शेवटचं काय बोलली, ते तिने मला हिंदी करून सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

हरले असेन. गप्प बसणार नाही. जानेवारीत मी उभी राहीन, कोणी ऐको न ऐको.

१२ डिसेंबर

आताच ठाण्याचा शिपाई दारात आला. विमानाला नेणारी मोटार तिघांनाच घेऊन गेली. आडू बसला नाही, अतांगालाही उतरवून घेतलं. सकाळपासून त्याला घेऊन ठाण्यात बसलाय. म्हणतो, मीही त्या वेळी खाणीच्या तोंडाशी होतो, भोंगा एकच वाजला, नत्थू अडवत होता, माझा जबाब इंग्रजीत घ्या. त्याच्या जबाबाला सर्टिफिकेटवाला दुभाषी लागत नाही — इंग्रजी कोर्टालाही येतं! फक्त पंचांना वाचून दाखवायला मराठीत लिहून देणारं माणूस हवंय, आणि आडूने माझंच नाव सांगितलंय.

शिपाई खाली उभा आहे. चालले.